तारेची यंत्रं, बिनतारी घर

राउटर घरात कुठे ठेवावा यावर मागे या सदरात लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांचा सूर बराचसा एकच आहे : वाय-फाय घरभर पोचलं, पण आमच्या अमुक यंत्राला वाय-फायच नाही, त्याच्या मागे फक्त लॅनचं पोर्ट आहे. कुणाचा जुना डेस्कटॉप, कुणाचा ऑफिसातून निघालेला लेझर प्रिंटर, कुणाच्या सोसायटीचा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. यंत्रं धडधाकट आहेत. केवळ वाय-फाय नाही म्हणून ती भंगारवाल्याकडे जावीत हे मला अजिबात पटत नाही. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांच्यासाठी.

प्रश्न : ताई, आमची इमारत गिरगावातली, जुनी, पागडीची. भिंती दीड-दीड फुटाच्या. फायबरचा डबा पुढच्या खोलीत गॅलरीच्या दाराशी बसवलाय. मग मधली खोली आणि तिच्यामागे मुलाची अभ्यासाची खोली. तिथे जुना डेस्कटॉप आहे, त्याला वाय-फाय नाही. यजमानांचा प्रिंटरही तिथेच, त्यालाही फक्त लॅन. भिंतीला भोक पाडायला मालक नाही म्हणतात. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्यामुळे आम्हालाही फार खर्च करायचा नाही. आधीच्या केबलवाल्याचा राउटर पोटमाळ्यावर पडून आहे. त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर : होऊ शकेल. नुसता डेस्कटॉपच असता तर मी तुम्हाला यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल घ्या असं सांगून मोकळी झाले असते. (तो कॅबिनेटच्या मागे खोचू नका. लोखंडी डब्याच्या आडोशाला सिग्नल मरतो. यूएसबीची हातभर एक्स्टेन्शन वायर लावून वर टेबलावर आणा.) पण प्रिंटरला डोंगल चालत नाही, तेव्हा राउटरच कामाला लावू.

राउटरचं नेहमीचं काम वाय-फाय देण्याचं. तुम्हाला त्याच्याकडून उलटं काम हवंय : पुढच्या खोलीतलं वाय-फाय त्याने घ्यायचं आणि आपल्या लॅन पोर्टांतून डेस्कटॉपला आणि प्रिंटरला द्यायचं. याला ब्रिज करणं म्हणतात, पण सेटिंगमध्ये याच नावाने सापडेल असं नाही. ‘ऑपरेशन मोड’ किंवा ‘वायरलेस मोड’ या पानावर जा. तिथे क्लायंट, वायरलेस ब्रिज, मीडिया ब्रिज, रेंज एक्स्टेंडर, युनिव्हर्सल रिपीटर यांपैकी काहीही दिसलं तरी तुमचं काम होईल. फक्त राउटर आणि ॲक्सेस पॉइंट एवढेच दोन पर्याय असतील, तर त्या डब्याकडून हे होणार नाही. केबलवाल्यांनी दिलेल्या काही डब्यांत मोड बदलायचं पान बंदच केलेलं असतं. तसं निघालं तर ‘रेंज एक्स्टेंडर’ मोड खोक्यावर छापलेला एखादा साधा राउटर हजार-दीड हजारांत मिळतो.

इथे एक सावधगिरी. फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्येही ‘ब्रिज मोड’ असं एक बटण दिसेल. ते वेगळं प्रकरण आहे. ते दाबलं की फायबरचा डबा राउटरचं काम सोडून देतो, घरातल्या यंत्रांना नेटवर्कवरचे (आयपी) पत्ते वाटायचं थांबवतो आणि सगळ्या घराचं नेट जातं. त्याला हात लावू नका. आपल्याला जे बदलायचंय ते सगळं पोटमाळ्यावरच्या राउटरमध्ये.

तो खाली काढलात की आधी अडॅप्टर बघा. राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या लेबलवर ९ व्होल्ट आहे की १२, ते वाचा आणि अडॅप्टरवरच्या आकड्याशी जुळवा. पिन सारखीच असते, त्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सामानात अदलाबदल सर्रास होते. मग मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे जुन्या केबलवाल्याचं सगळं पुसलं जाईल. डेस्कटॉप त्याच्या लॅन पोर्टला जोडा. वॅनचं पोर्ट बहुतेक डब्यांवर वेगळ्या रंगाचं असतं, ते मोकळं ठेवा. ब्राउझरमध्ये लेबलवरचा पत्ता टाका, साधारण १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो.

आता मोड बदला. तो घरातली नेटवर्कं शोधून यादी दाखवेल, त्यातलं आपलं निवडा, पासवर्ड द्या. ज्या डब्यांत सगळं हाताने करावं लागतं तिथे आणखी दोन गोष्टी करायच्या. एक, या राउटरचं डीएचसीपी बंद करायचं. घरात पत्ते वाटणारा एकच हवा आणि तो पुढच्या खोलीतला. दोन, या राउटरला स्वतःचा पत्ता पुढच्या राउटरच्याच मालिकेतला द्यायचा, पण तो वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा. म्हणजे पुढचा १९२.१६८.२९.१ असेल आणि २०० पर्यंत वाटत असेल, तर याला १९२.१६८.२९.२५० द्या.

यादीत तुमचं नेटवर्क दिसतच नसेल तर पुढच्या डब्याचा चॅनल बघा. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये १३ पर्यंत चॅनल चालतात, पण परदेशातल्या बाजारासाठी बनलेले काही जुने राउटर ११ च्या पुढचं ऐकतच नाहीत. दिसतंय पण जोडलं जात नाही, असं असेल तर पुढच्या डब्यात सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ वर असण्याची शक्यता आहे. ती डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिश्र अशी करा.

झालं की नाही हे डेस्कटॉपवरच कळेल. विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’ या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. पत्ता पुढच्या राउटरच्या मालिकेतला आला तर ब्रिज झाला. १६९.२५४ ने सुरू होणारा आला, तर कुणाकडूनच पत्ता मिळालेला नाही आणि विंडोजने आपल्या मनाने घेतलाय. अशा वेळी पासवर्ड आणि मोड पुन्हा तपासा.

आता जागा. बहुतेकांचं काम इथेच फसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. हा डबा कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवायचा नसतो, सिग्नल चांगला असेल तिथे ठेवायचा असतो. ठाकूरद्वारच्या एका घरात खोल्यांची रचना अगदी तुमच्यासारखीच होती. त्यांनी ब्रिजचा डबा आतल्या खोलीत, गोदरेजच्या कपाटावर ठेवला होता. मोबाइलवरचं सिग्नल मोजायचं ॲप तिथे उणे ८१ दाखवत होतं. मधल्या खोलीच्या उंबऱ्यात, दाराच्या चौकटीपाशी, तेच ॲप उणे ६० दाखवायला लागलं. तिथून डाव्या हाताला दोन पावलं भिंतीच्या आड सरकलं की लगेच उणे ७४. त्या घरात सिग्नल भिंतीतून येतच नव्हता, दारातून येत होता. डबा चौकटीच्या वर, फळीवर ठेवला आणि तिथून चपटी लॅन केबल दाराच्या कडेने, उंबऱ्याच्या बाजूने आतल्या टेबलापर्यंत नेली. भोक नाही, खिळा नाही, चौकटीला दुहेरी टेपचे क्लिप. हे आकडे उणे असतात, तेव्हा शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉलसुद्धा नीट चालतो, उणे ८० ला जोडणी नुसती नावाला. ॲप अँड्रॉइडवरचं घ्या, आयफोन अशा ॲपना सिग्नलचा आकडा देत नाही.

वेगाबद्दल. ‘रिपीटरने वेग निम्मा होतो’ हे तुम्ही ऐकलं असेल. एकच रेडिओ असलेला रिपीटर तेच पुन्हा हवेत सोडतो, तेव्हा त्याच्याकडून वाय-फाय घेणाऱ्या मोबाइलला हे लागू आहे. तारेने जोडलेल्या तुमच्या डेस्कटॉपला नाही, कारण हवेतला प्रवास एकदाच होतो. जुन्या राउटरवर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असलं, तरी तो आकडा दुप्पट रुंद चॅनलचा आहे आणि गिरगावात एवढी मोकळी हवा नाही. शिवाय त्याचं लॅन पोर्ट बहुधा १०० चंच असतं. चांगल्या सिग्नलवर ४०-५० एमबीपीएस मिळाले तर समाधान माना. मुलाच्या अभ्यासाला आणि प्रिंटरला ते भरपूर आहेत.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलुंडला राहतो. लिनक्सवर दोन लॅन कार्डं एका ब्रिजमध्ये टाकली तर लगेच चालतात. पण वाय-फाय कार्ड त्या ब्रिजमध्ये टाकायला गेलो की ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ असं उत्तर येतं. विंडोजमध्ये दोन्ही जोडण्या निवडून ‘ब्रिज कनेक्शन्स’ केलं, तर जोडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला नेट मिळेना आणि माझंही गेलं. ड्रायव्हर बदलून पाहिले. चुकतंय कुठे?

उत्तर : तुझं काहीच चुकत नाहीये. लिनक्स नकार देतं ते योग्यच करतं. हा प्रश्न आला म्हणून मला फार बरं वाटलं, कारण वरच्या आणि खालच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ यात आहे.

लॅनच्या तारेवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते, त्यांना फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमवर दोन पत्ते असतात, कोणाकडून आणि कोणाला. स्विच कोणाचीही फ्रेम पुढे ढकलतो. वाय-फायमध्ये तसं नाही. आधी ॲक्सेस पॉइंटशी ओळख पटवावी लागते आणि ती एका मॅक ॲड्रेसपुरतीच, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यापुरतीच असते. डब्ल्यूपीए-२ मध्ये तुझ्या कार्डासाठी जी किल्ली तयार होते, तिच्या हिशेबात दोन्ही बाजूंचे मॅक ॲड्रेस धरलेले असतात. आणि साध्या जोडणीत कार्डाकडून निघालेल्या फ्रेमवर पत्त्यांचे तीनच रकाने वापरले जातात : ॲक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्याचा आणि शेवटी जिथे पोचायचं त्याचा. हवेत फ्रेम सोडणारा आणि मुळात ती लिहिणारा हे दोघे एकच, असं यात गृहीत आहे. तुझ्या लॅपटॉपमागचा दुसरा कॉम्प्युटर आपला मॅक ॲड्रेस घेऊन आला की ॲक्सेस पॉइंट ती फ्रेम टाकून देतो. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन रजिस्टरमध्ये नाव असलेल्यालाच आत सोडतो, मागून आलेला ‘मी यांच्याबरोबर’ म्हणाला तरी त्याला बाहेर थांबवतो, तसंच हे. परतीच्या वाटेलाही तेच. त्या कॉम्प्युटरसाठी आलेलं उत्तर हवेत कोणाच्या नावे सोडायचं हे ॲक्सेस पॉइंटला कळत नाही.

यातून दोन वाटा निघतात आणि बाजारातला प्रत्येक ‘ब्रिज’ या दोहोंपैकी एक असतो.

पहिली वाट खरी. पत्त्याचा चौथा रकाना ८०२.११ च्या १९९७ सालच्या मूळ मानकातही होता. तो वापरला की हवेतला पाठवणारा आणि मूळ पाठवणारा वेगवेगळे लिहिता येतात, आणि मागे कितीही यंत्रं जोडली तरी प्रत्येकाचा पत्ता जसाच्या तसा पलीकडे पोचतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांना हे मान्य असावं लागतं. रकाना कसा दिसतो ते मानकाने सांगितलं, जोडणी कशी जमवायची ते तपशिलात सांगितलं नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने केलं. राउटरवर ‘डब्ल्यूडीएस’ लिहिलेलं असतं ते हेच, आणि एका कंपनीचं दुसरीशी जमेल याची खात्री नसते ती म्हणूनच. एकाच कंपनीच्या मेश संचातल्या (घरभर एकच वाय-फाय देणाऱ्या अनेक डब्यांच्या संचातल्या) लांबच्या डब्याला लॅनने काहीही जोडलं तरी ते विनातक्रार चालतं, कारण दोन्ही टोकं एकाच घरची आहेत.

दुसरी वाट मध्यस्थीची. ब्रिजचा डबा मागच्या सगळ्या यंत्रांच्या फ्रेमवर स्वतःचाच मॅक ॲड्रेस घालून पुढे पाठवतो. कुठला आयपी पत्ता कुठल्या यंत्राचा याची यादी तो आपल्याकडे ठेवतो आणि उत्तर आलं की ती बघून योग्य यंत्राला देतो. पुढच्या राउटरला यातलं काही कळावं लागत नाही, त्यामुळे हे कुठल्याही राउटरशी चालतं. गिरगावच्या वाचकांचा डबा बहुधा हेच करेल. घरच्या वापराला ते पुरतं, पण त्याच्या मर्यादा आधी माहीत हव्यात. पुढच्या राउटरच्या यादीत डेस्कटॉप आणि प्रिंटर एकाच मॅक ॲड्रेसखाली दिसतील. मॅक ॲड्रेसवरून एखाद्या यंत्राचा पत्ता पक्का करून ठेवणं भरवशाचं राहत नाही. रात्री दहाला मुलाच्या कॉम्प्युटरचं नेट बंद करायचा नियम राउटरमध्ये घातला, तर प्रिंटरही त्याच्याबरोबर बंद होईल. लॅनवरून झोपलेला कॉम्प्युटर जागा करणं बहुतेक वेळा जमत नाही, कारण तो निरोप मॅक ॲड्रेसवरच चालतो.

आता तुझं. घरचा राउटर तुझ्या ताब्यात असेल आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चढवायची मोफत प्रणाली) चढत असेल, तर त्या बाजूला ‘ॲक्सेस पॉइंट डब्ल्यूडीएस’ निवड, आणि लॅपटॉपवर वाय-फाय इंटरफेसचं ‘फोर-ॲड्र’ चालू कर. मग तेच कार्ड ब्रिजमध्ये मुकाट्याने जाईल. ड्रायव्हरला ते येत असायला हवं, एवढंच. राउटर कंपनीने दिलेला आणि बंदिस्त असेल, तर ब्रिजचा नाद सोडून लॅपटॉपला राउटर बनव, म्हणजे लॅनच्या बाजूला वेगळी मालिका आणि मधे नॅट (मागच्या यंत्रांचं सगळं लॅपटॉपच्या पत्त्यावरून बाहेर जातं). विंडोजमध्ये हेच वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ या पानावर एका टिचकीत होतं. दुसऱ्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१३७ या मालिकेतला पत्ता मिळेल. त्याआधी केलेला ब्रिज मोडायला विसरू नकोस : दोन्ही जोडण्यांवर उजवी टिचकी देऊन ‘रिमूव्ह फ्रॉम ब्रिज’. तो राहिला तर लॅपटॉपचं स्वतःचं नेटही परत येणार नाही. ‘ब्रिज कनेक्शन्स’ काही वाय-फाय कार्डांवर चालतं आणि अनेकांवर चालत नाही. त्याचं कारण आता तुला माहीत आहे, तेव्हा ड्रायव्हर बदलण्यात आणखी संध्याकाळी घालवू नकोस.

प्रश्न : अंधेरीहून लिहितो. निवृत्त आहे. एक्स्टेंडर घेतला, प्रिंटर आणि कॉम्प्युटर त्याला केबलने जोडले. कॉम्प्युटरवरून छपाई होते, नेटही चालते. पण माझ्या आणि सौ.च्या मोबाइलला प्रिंटर दिसतच नाही. नातवाचे म्हणणे, प्रिंटर जुना झाला.

उत्तर : प्रिंटर बदलू नका, त्याचा यात काही दोष नाही. कॉम्प्युटर आणि मोबाइल दोन्हींचे आयपी पत्ते शेजारी शेजारी लिहून बघा. मोबाइलवर १९२.१६८.१ आणि कॉम्प्युटरवर १९२.१६८.० अशी मालिका वेगळी असेल, तर एक्स्टेंडर ‘डब्ल्यूआयएसपी’ नावाच्या मोडवर गेलाय. त्यात तो ब्रिज न करता स्वतःच राउटर होतो. आतून बाहेर सगळं जातं म्हणून नेट चालतं, पण बाहेरून आत कुणाला बघता येत नाही म्हणून मोबाइलला प्रिंटर सापडत नाही. मोड बदलून ‘रेंज एक्स्टेंडर’ किंवा ‘क्लायंट’ करा.

मालिका एकच असेल, तर एक्स्टेंडर तुमच्या गेस्ट नेटवर्कला जोडलेला नाही ना ते पाहा. गेस्ट नेटवर्कवरच्या यंत्रांना घरातली इतर यंत्रं दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. मुख्य राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (वाय-फायवरच्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सोय) चालू असलं तरी हेच होतं.

प्रश्न : आमची सोसायटी चेंबूरला, दोन विंग. मधे आवार, पार्किंग आणि एक मोठं गुलमोहराचं झाड. ए विंगच्या ऑफिसात नेट आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे. बी विंगला नवे आठ कॅमेरे बसवायचेत. आवार खोदायला सभासद तयार नाहीत. एका कंत्राटदाराने सुचवलं की घरात वापरतात तसा एक्स्टेंडर बी विंगच्या खिडकीत ठेवू. चालेल का? – सोसायटीचे सचिव

उत्तर : नको. कॅमेरे दिवसरात्र चालतात आणि चोरी झाल्यावर त्याच वेळचं चित्रण नाही असं सभासदांना सांगायची पाळी तुमच्यावर यायला नको. खिडकीतल्या एक्स्टेंडरवर हा भार टाकू नका.

यासाठी गच्चीवर बसवायची दिशादर्शक ब्रिज जोडी मिळते. एक डबा ए विंगच्या गच्चीवर, एक बी विंगच्या, दोघांची तोंडं एकमेकांकडे. जोडी एकाच कंपनीची घ्या, म्हणजे चार पत्त्यांचा खरा ब्रिज आपोआप होतो आणि आठही कॅमेरे रेकॉर्डरला तारेने जोडल्यासारखे वेगवेगळे दिसतात. ५ गिगाहर्ट्झचीच घ्या. ऑक्टोबर २०१८ पासून आपल्याकडे या पट्ट्याचा बराच भाग ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय, उघड्यावरही वापरता येतो, आणि चेंबूरमध्ये २.४ ची गर्दी तुम्हाला सोसणार नाही. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला साधारण ४ एमबीपीएस धरा. आठांचे ३२. चांगल्या जोडीला हे जड नाही.

गुलमोहराकडे मात्र नीट बघा. तो उन्हाळ्याआधी निष्पर्ण असतो आणि पावसाळ्यात डेरेदार होतो. ओली पानं ५ गिगाहर्ट्झ शोषून घेतात. मार्चमध्ये बसवलेली जोडी जुलैत रडते ती यामुळे. झाडाच्या शेंड्याच्या चांगलं वरून दृष्टी जाईल अशी गच्चीवरची जागा निवडा. झाड छाटायचा विचार करू नका, त्याला महापालिकेची परवानगी लागते आणि गरजही नाही.

केबल बाहेरची, काळ्या आवरणाची, उन्हाला टिकणारी कॅट-६ घ्या आणि ती शुद्ध तांब्याची असल्याची खात्री करा. लॅमिंग्टन रोडला तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलीही मिळतात. दिसायला त्या हुबेहूब असतात. दुकानातच आतली एक तार ब्लेडने खरवडा. खाली चंदेरी निघालं तर परत द्या. हे डबे वीजही याच केबलमधून घेतात आणि ॲल्युमिनियमवर लांबच्या टोकाला व्होल्टेज कमी पडून डबा पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहतो. केबल इमारतीत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी त्या वळशावरून गळून जाईल, केबलवरून वाहत आत स्विचपर्यंत येणार नाही. गच्चीवरचं सामान आहे, तेव्हा लॅनचा सर्ज प्रोटेक्टर आणि व्यवस्थित अर्थिंग यांचे पैसे वाचवू नका. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये या दोन ओळी नसतील तर लिहून मागा.

प्रश्न : विजेच्या सॉकेटमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर मुंबईत चालतात का? – दादर

उत्तर : काही घरांत फार छान चालतात, काही घरांत अजिबात नाही, आणि सांगता येतं ते लावून पाहिल्यावरच. दोन्ही अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात ते गुदमरतात. दोन खोल्यांची वायरिंग वेगवेगळ्या फेजवर असेल तर अपेक्षा कमी ठेवा. परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही लालबागचे. आतल्या खोलीत ब्रिजवर टीव्ही आणि डेस्कटॉप महिनोन् महिने नीट चालू होते. गणपतीत रोषणाईची वायर ओढायला आलेल्या मुलांकडून भावाने पुढच्या राउटरपासून आतपर्यंत लॅन केबलही टाकून घेतली आणि वेग वाढेल म्हणून ती ब्रिजच्या डब्याला लावली. तेव्हापासून सगळ्या घराचं नेट बंद. मोबाइल वाय-फायला जोडलेला दिसतो, पण काहीच उघडत नाही. राउटरचे दिवे नुसते फडफडतात. केबल काढली की दोन मिनिटांत सगळं ठीक. केबल खराब आहे का?

उत्तर : केबल उत्तम आहे. आता त्या दोन डब्यांमध्ये एका वेळी दोन रस्ते झालेत, एक हवेतला आणि एक तारेचा. ‘हा पत्ता कोणाचा?’ असं विचारणारी एखादी सर्वांसाठीची फ्रेम केबलने आत जाते, वाय-फायने बाहेर येते, पुन्हा केबलने आत जाते. तिला थांबवणारं कोणी नाही, कारण अशा फ्रेमवर किती फेऱ्या झाल्या याची मोजदाद नसते. क्षणभरात या फेऱ्यांनीच नेटवर्क भरून जातं आणि खऱ्या कामाला जागा उरत नाही. दिव्यांची फडफड ती हीच. ऑफिसांतले मोठे स्विच असे दुहेरी रस्ते ओळखून एक आपोआप बंद ठेवतात. घरगुती डब्यांत ही सोय अनेकदा नसते, किंवा असली तरी बंद असते.

केबल आतपर्यंत आलीच आहे, तर हवेतला रस्ता बंद करा. मी असते तर क्षणभरही विचार केला नसता. तारेवर ना शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी, ना भिंतीचा अडथळा. आधी ती केबल काढा, मग आतल्या डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मोड ‘ॲक्सेस पॉइंट’ करा आणि डबा पुन्हा चालू झाल्यावरच केबल त्याच्या लॅन पोर्टला लावा. टीव्ही आणि डेस्कटॉप आहेत तसेच उरलेल्या पोर्टांत राहू द्या. डबा आता आतल्या खोलीत स्वतःचं वाय-फायही देईल. त्याला पुढच्या राउटरचंच नाव आणि पासवर्ड द्या, चॅनल मात्र वेगळा ठेवा : पुढे १ असेल तर आत ६ किंवा ११. आणि रोषणाईच्या वायरीबरोबर लॅन केबल एकाच जुडग्यात बांधली असेल तर ती सोडवून वीतभर लांबून न्या, विशेषतः दाराच्या चौकटीपाशी, जिथे दोन्ही वायरी एकमेकींवर घासतात.